पहिला पगारवाढ करार: मागणीपत्रात आकड्याच्या आधी काय लिहायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: चाकणजवळ गाड्यांचे सुटे भाग बनवणारा कारखाना, 140 कायम कामगार, त्यांच्या दुप्पट कंत्राटी आणि ट्रेनी. युनियन नवी आहे, पहिलंच मागणीपत्र द्यायचंय. कायम कामगारांचा ग्रॉस, म्हणजे कपातीआधीचा पगार, 20 हजारांच्या आत आहे. युनियन केली म्हणून दोघांना निलंबित केलंय. शॉपमध्ये सगळ्यांचं म्हणणं, 25 हजार वाढ मागा, बाकी नंतर बघू. तर काय मागावं?

आकडा मागाच. पण ‘बाकी नंतर बघू’ याला माझा ठाम विरोध आहे. आकडा दर तीन वर्षांनी नव्याने ठरतो. पगाराची रचना, उत्पादनाचं कलम, सेवाशर्तींचे शब्द मात्र एकदा लिहिले गेले की पुढच्या प्रत्येक करारात ‘मागील कराराप्रमाणे’ म्हणून तसेच राहतात. ते बदलायचे तर पुढच्या कमिटीला दर वेळी हातातलं काहीतरी सोडावं लागतं. पुणे पट्ट्यात करारांच्या टेबलावर बसून मी हे पुन्हा पुन्हा पाहिलंय.

1884 साली कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंड्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सुमारे साडेपाच हजार सह्यांचं निवेदन तयार केलं, त्यात पाच मागण्या होत्या. रविवारी पूर्ण सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्तापर्यंतच, मागच्या महिन्याचा पगार 15 तारखेच्या आत, आणि कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार, कायमचा अधू झाला तर पोटापाण्याची सोय. पाचांतल्या एकाही मागणीत पगारवाढीचा आकडा नाही. पगार तेव्हा काही फार होते असं नाही. पण माणूस रोज कोणत्या परिस्थितीत उभा राहतो, हे त्यांनी आधी धरलं. रविवारची सुट्टी 1890 मध्ये मिळाली आणि ती आपण आजही घेतोय.

तुमच्या मागणीपत्रात पहिला मुद्दा निलंबित दोघांचा असू द्या. युनियन स्थापन केल्याच्या काळातली सगळी निलंबनं, आरोपपत्रं आणि बदल्या मागे घ्याव्यात, मधल्या काळाचा पगार द्यावा, सेवा अखंड धरावी, असं स्पष्ट लिहा. कंपनी म्हणेल हा शिस्तीचा विषय आहे, त्याचा कराराशी संबंध नाही. ऐकू नका. पैशावर तडजोड झाल्यावर हे दोघं बाहेर राहिले, तर पुढच्या वेळी कमिटीत यायला कोणी तयार होणार नाही. त्याच्याच खाली युनियनच्या मान्यतेचं कलम: पदाधिकाऱ्यांना संघटनेच्या कामासाठी पगारी वेळ, गेटवर सूचनाफलक, दर महिन्याला व्यवस्थापनाबरोबर बैठक आणि तिचं दोघांच्या सहीचं इतिवृत्त, तक्रार किती दिवसांत कोणी निकालात काढायची त्याची मुदत. कायद्यात संरक्षित कामगारांची तरतूद आहे, म्हणजे वाद चालू असताना या पदाधिकाऱ्यांना कंपनी परवानगीशिवाय काढू शकत नाही. लहान कारखान्यातही किमान पाच जणांना ते संरक्षण मिळतं. त्यांची नावं लेखी देऊन पोच घ्या.

वर्गणी पगारातून कापून घ्यावी ही मागणी बहुतेक मागणीपत्रांत असते. नव्या युनियनला मी ती पहिल्या करारात मागू नका असं सांगतो. सभासदांची पूर्ण यादी कंपनीच्या हातात आयती जाते, आणि दर महिन्याला माणसांना भेटण्याचं कमिटीचं निमित्तही जातं. सभासदसंख्येवर मात्र डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवा. महाराष्ट्राच्या 1971 च्या कायद्यात मान्यतेसाठी 30 टक्के सभासद पुरत होते. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत एकाहून जास्त युनियन असतील तर एकट्याने वाटाघाटी करायला 51 टक्के लागतात.

आता पगार. आकड्याची मागणी लिहिताना ‘ग्रॉसवर वाढ’ असे शब्द हवेत. नुसतं ‘वाढ’ लिहिलंत तर कंपनी सीटीसीवर (कामगारामागचा कंपनीचा एकूण खर्च) बोलायला लागेल. म्हणजे त्यात कंपनीचा पीएफचा हिस्सा, ग्रॅच्युइटीची तरतूद, मेडिक्लेमचा हप्ता, कँटीन आणि बसचा वाढलेला खर्च, सगळं तुमच्या वाढीत मोजलं जाईल. दुसरी गोष्ट टप्प्यांची. ‘12 हजारांची वाढ’ असं फलकावर लागतं, पण ती 60-20-20 अशी विभागलेली असते. पहिल्या वर्षी 7,200, दुसऱ्या वर्षी 9,600 आणि तिसऱ्या वर्षी कुठे पूर्ण 12 हजार. तीन वर्षांत माणसाच्या हिशेबात 3,45,600 रुपये येतात. पहिल्या दिवसापासून पूर्ण मिळाले असते तर 4,32,000 आले असते. फरक 86,400 रुपयांचा. म्हणून शेजारच्या कंपनीचा आकडा ऐकला की आधी टप्पे विचारा.

मग ही वाढ कुठे टाकायची? तरुण मुलं म्हणतात भत्त्यांत टाका, पीएफ कमी कापला जाईल, हातात जास्त येईल. त्यांना हा हिशेब समजावून सांगा. ग्रॅच्युइटी शेवटच्या बेसिक (मूळ पगार) आणि डीएवर (महागाई भत्ता) काढतात, 26 दिवसांचा महिना धरून दर वर्षाच्या नोकरीला 15 दिवसांचा पगार. बेसिकमध्ये 1,000 रुपये गेले की दर वर्षाच्या नोकरीमागे 577 रुपये वाढतात. हे मागे झालेल्या वर्षांनाही लागू होतं, कारण हिशेब शेवटच्या पगारावर असतो. बेसिकमध्ये 7 हजार गेले आणि नोकरी 25 वर्षं झाली, तर ग्रॅच्युइटीत एक लाखाच्या वर फरक पडतो. रजेचे पैसेही यातच वाढतात. पीएफमध्ये तुमचे 1,000 मागे 120 कापले गेले तर कंपनीलाही तेवढे घालावे लागतात. पण इथे एक खाच आहे. बेसिक-डीए 15 हजारांच्या वर गेला की कायद्याची मर्यादा दाखवून कंपनी आपला हिस्सा 1,800 वर थांबवू शकते. तुमचे पगार नेमके त्याच उंबरठ्यावर आहेत. ‘पीएफ पूर्ण बेसिक आणि डीएवर’ हे शब्द करारात आलेच पाहिजेत. वाढीतला निदान 60 टक्के भाग बेसिक-डीएमध्ये मागा.

नव्या वेतन संहितेत भत्ते एकूण मोबदल्याच्या अर्ध्याहून जास्त झाले तर जास्तीचा भाग वेतनातच धरायचा आहे. त्यामुळे कंपन्या आता स्वतःहून रचना बदलायला निघाल्यात, आणि बैठकीत सांगतात की कायद्यामुळे आमचा खर्च वाढला, तो या वाढीत धरा. कायद्याने द्यायचे पैसे हा बोनससारखाच वेगळा विषय आहे. ‘संहितेमुळे येणारा वाढीव बोजा या करारातील वाढीतून वळता केला जाणार नाही’ असं एक वाक्य मागून घ्या.

सगळ्यांत दुर्लक्षित मागणी म्हणजे महागाई निर्देशांकाशी जोडलेला डीए, आपण ज्याला व्हीडीए म्हणतो तो. नव्या कारखान्यांत फिक्स डीए देऊन विषय संपवतात. माझं मत विचाराल तर आकड्यात थोडं कमी घ्या, पण पहिल्या करारात व्हीडीए घ्याच, कारण नंतर तो सुरू करून घेणं फार जड जातं. मागणी करताना चार गोष्टी लिहाव्या लागतात: कोणत्या केंद्राचा निर्देशांक, कोणतं पायाभूत वर्ष, किती महिन्यांची सरासरी, आणि एका अंकामागे किती रुपये. समजा निर्देशांक 140 आहे आणि तुमचा बेसिक-डीए 20 हजार. महागाई पूर्ण भरून यायची तर एका अंकाला 143 रुपये हवेत. कंपनी 40 देऊ करेल. ते घेतलंत तरी आपण महागाईचा पाव भाग आणि थोडा वर एवढाच भरून घेतोय, हे माहीत असू द्या. पायाभूत वर्षाकडे विशेष लक्ष द्या. 2020 मध्ये 2001 ची मालिका बंद होऊन 2016 ची आली आणि नव्या मालिकेचा एक अंक जुन्या 2.88 अंकांएवढा धरला गेला. म्हणजे एखाद्या जुन्या करारातला ‘अंकाला 10 रुपये’ हा दर आज तसाच उतरवला, तर त्याची खरी किंमत जवळजवळ एक तृतीयांश होते. नव्या मालिकेत तो 28 रुपये 80 पैसे व्हायला हवा. मागणीपत्रं एकमेकांची बघून लिहिली जातात, त्यात ही चूक सर्रास होते.

तुमच्या बाबतीत एक गोष्ट तातडीची आहे. ग्रॉस 20 हजारांच्या आत, म्हणजे आज सगळे ईएसआयमध्ये (कामगार राज्य विमा योजना). पहिला टप्पा मिळाला की 21 हजारांची मर्यादा ओलांडणार, आणि चालू अंशदान कालावधी संपला, म्हणजे सप्टेंबर किंवा मार्च, की ईएसआय बंद. त्या दिवशी घरी काय होतं बघा. ईएसआयमध्ये अवलंबून असलेले आईवडील होते. आजारपणात 91 दिवसांपर्यंत 70 टक्के पगार मिळत होता. कामावर हात गेला तर पेन्शन होती, माणूस गेला तर मागे राहिलेल्यांना पेन्शन होती. त्या जागी कंपनी मेडिक्लेमचं कार्ड देते. मेडिक्लेम दवाखान्याचं बिल भरतो, आजारपणातला पगार देत नाही. म्हणून मागणी तीन भागांत लिहा: आईवडिलांसह, आधीच्या आजारांसह मेडिक्लेम आणि त्याचा हप्ता कंपनीचा, कामावरच्या अपघातात बरा होईपर्यंत पूर्ण पगारी रजा, अपघात आणि मृत्यूचा वेगळा विमा. लोखंड्यांच्या पाचव्या मागणीची ही आजची आवृत्ती आहे. शिवाय मृत्यू साहाय्य योजना मागा. कामगार गेला तर प्रत्येकाचा एक दिवसाचा पगार आणि कंपनीकडून तेवढीच किंवा दुप्पट रक्कम, अशी पद्धत आपल्याकडच्या कित्येक कारखान्यांत आहे. कंपनीला ती जड नसते आणि ते कुटुंब निदान उभं राहतं.

कंपनी पैसे देते तेव्हा बदल्यात उत्पादन मागते. नवी कमिटी फसते ती इथेच, कारण ‘उत्पादनात 15 टक्के वाढ’ हे ऐकायला सोपं वाटतं. घड्याळ लावून हिशेब करा. पाळी 480 मिनिटांची. जेवण 30 मिनिटं, दोन चहा 10-10 मिनिटं, राहिली 430 मिनिटं, म्हणजे 25,800 सेकंद. मशीनचा सायकल टाईम, म्हणजे एका नगाला लागणारा वेळ, 52 सेकंद असेल तर एक मिनिट वाया न घालवता 496 नग निघतात. 15 टक्के वाढ म्हणजे 570 नग. त्याला 494 मिनिटं लागतात. जेवण, चहा, लघवी सगळं बंद केलं तरी पाळी 480 चीच आहे! हे नग कुठून येणार? सेफ्टी गार्ड उघडा ठेवून, सेन्सर बायपास करून, प्रेसवर दोन हातांच्या बटणाऐवजी एकच बटण बांधून. या पट्ट्यात बोटं जातात ती अशीच. सही करताना आपण कोणाच्या तरी बोटांवर सही करत नाही ना, हे कमिटीने बघायला हवं.

उत्पादनाला सरसकट नकार द्या असं मी म्हणत नाही. पण अटी घाला. प्रत्येक मशीनचा टाईम स्टडी युनियनच्या प्रतिनिधीसमोर व्हावा. विश्रांती, टूल बदलणं, सेटिंग, साफसफाई यांचा वेळ वजा करूनच लक्ष्य ठरावं. मशीन बंद, माल नाही, वीज नाही, तर ते नग कामगाराच्या नावावर कमी लागू नयेत. लक्ष्य चुकलं म्हणून पगार किंवा टप्पा अडवू नये. सुरक्षा उपकरण बंद असलेल्या मशीनवर काम नाकारण्याचा हक्क असावा, आणि त्याबद्दल कारवाई होणार नाही, हेही लिहून घ्या. लाइनवर रिलिव्हर, म्हणजे थोडा वेळ जागा सांभाळणारा बदली माणूस, मागा. असेंब्लीत बायका असतील तर ही मागणी सगळ्यात वर हवी. लघवीला जाता येत नाही म्हणून पाणीच न पिणाऱ्या बायका मी कितीतरी लाइनवर पाहिल्यात, आणि पुरुषांच्या कमिटीला हे कोणी सांगितलेलं नसतं. कमिटीत एक तरी बाई घ्या.

कंत्राटी आणि ट्रेनी मुलांबद्दल तुम्ही काही विचारलेलं नाही, पण मी बोलणार. तुमच्या कारखान्यात ते तुमच्या दुप्पट आहेत. तुम्ही 140 जण गेटबाहेर बसलात तर लाइन कोण चालवेल? त्यांना वगळून केलेला करार तुमच्याच पायाखालची जमीन दर वर्षी थोडी थोडी काढून घेतो, कारण निवृत्त झालेल्या कायम कामगाराच्या जागी कंपनी आणखी एक कंत्राटी मुलगा घेते. सेवाज्येष्ठतेप्रमाणे दर वर्षी ठरावीक संख्येने कायम करण्याची मागणी लिहा, आणि ‘प्रयत्न करू’ हे शब्द स्वीकारू नका, संख्या घ्या. दर सात महिन्यांनी नोकरीत दिले जाणारे ब्रेक बंद करायला लावा. तेच किंवा तशाच प्रकारचं काम असेल तर कंत्राटी कामगाराला तेवढंच वेतन द्यावं, हे 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्याच्या नियमांतच होतं. मुदतबंद नेमणुकीवरच्या कामगाराला नव्या संहितेत कायम कामगारासारखेच लाभ आणि एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी आहे. हे कंपनीला बैठकीत वाचून दाखवा. एवढं सगळं पहिल्या झटक्यात मिळणार नाही. पण कँटीनमध्ये एकच ताट, एकाच बसमध्ये जागा, सारखेच सेफ्टी शूज, एवढं तर मिळतंच. ज्या दिवशी त्या मुलांना कळतं की युनियनने हे मागितलं, त्या दिवसापासून शॉपमधली हवा बदलते.

रजा, सुट्ट्या, गणवेश, कर्ज, दिवाळी भेट, यांत फार वेळ घालवू नका. शेजारच्या दोन-तीन कारखान्यांत जे आहे ते लिहा. बोनसची टक्केवारी मात्र वेगळ्या कलमात ठेवा, कायद्यात ती 8.33 ते 20 आहे, आणि ती पगारवाढीच्या बेरजेत येऊ देऊ नका.

आता तुमचे 25 हजार. हा आकडा कुठून आला, असं बैठकीत विचारतील, तेव्हा ‘पोरं म्हणतात’ हे उत्तर चालत नाही. तयारी अशी करा. सगळ्या विभागांतल्या, वेगवेगळ्या ज्येष्ठतेच्या कामगारांच्या पगार स्लिपा गोळा करा आणि एका तक्त्यात मांडा. तुमच्यासारखंच काम करणाऱ्या, जवळपास तेवढ्याच आकाराच्या कारखान्यांच्या करारांच्या प्रती मिळवा. वर्तमानपत्रातल्या फेटा-हारांच्या फोटोखालच्या बातमीवर जाऊ नका. कंपनीचे वार्षिक हिशेब कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर शुल्क भरून बघता येतात. त्यात उलाढाल, नफा आणि कर्मचाऱ्यांवरचा खर्च सलग चार-पाच वर्षांचा काढा. त्या खर्चात साहेब लोकांचे पगारही असतात, हे ध्यानात ठेवा. नफा दुप्पट झाला आणि कर्मचारी खर्चाचं प्रमाण खाली आलं, असं दिसलं तर 25 हजार निःसंकोच मागा. कागद वेगळं सांगत असतील तर शॉपमध्ये सभा घेऊन आधीच सांगा. सभासदांना आकड्याचं खोटं स्वप्न दाखवून टेबलावर गेलेल्या कमिटीला चांगला करार करूनसुद्धा शिव्या खाव्या लागतात.

मुदत आणि लागू तारीख हा पैशाचाच भाग आहे. कंपनी चार वर्षांची मुदत मागेल. 36 महिन्यांचे पैसे 48 महिन्यांवर पसरवायचे असतात, एवढाच त्याचा अर्थ. तीन वर्षांवर ठाम राहा. बोलणी वर्ष-दीड वर्ष सहज लांबतात, म्हणून करार मागणीपत्र दिल्याच्या तारखेपासून लागू व्हावा अशी मागणी त्याच मागणीपत्रात असू द्या. थकबाकीऐवजी एकरकमी रक्कम देऊ केली तर महिन्यांनी गुणून बघा आणि पीएफचं काय ते विचारा. मधल्या काळात निवृत्त झालेला, राजीनामा दिलेला किंवा वारलेला कामगार थकबाकीला पात्र आहे, हे लिहिलं नाही तर त्या घरांना काही मिळत नाही. मुदत संपल्यावर नवा करार होईपर्यंत जुन्या अटी चालू राहतील, हे वाक्यही राहू देऊ नका मागे.

टेबलावर कधी एकट्याने जाऊ नका, आणि सुटं सुटं कलम मान्य करून सही देऊ नका. एखाद्या मुद्द्यावर एकमत झालं तर ‘अंतिम कराराच्या अधीन’ असं लिहून ठेवा. सही होईल तेव्हा शक्यतो कामगार खात्याच्या समेट अधिकाऱ्यासमोर व्हावी. कामगार अजून जुन्या औद्योगिक विवाद कायद्यातल्या कलम 12(3) वरून त्याला ‘बारा-तीनचा करार’ म्हणतात. तो सगळ्या कामगारांना, उद्या लागणाऱ्यांनाही, बांधील असतो. दोघांनी आपापसांत केलेला करार सही करणाऱ्या पक्षांपुरताच असतो.

मसुदा बहुतेक इंग्रजीत येतो आणि मध्यरात्री बैठकीतच सही करा असं सांगतात. मराठी प्रत ही मागणीपत्रातलीच एक मागणी करा: करार मराठीत असेल, इंग्रजी प्रत असल्यास अर्थाबाबत वाद झाला तर मराठी प्रत ग्राह्य, आणि सहीआधी कमिटीला मसुद्यासाठी निदान तीन दिवस मिळतील. त्या तीन दिवसांत सर्वसाधारण सभा घ्या आणि एकेक कलम मोठ्याने वाचून दाखवा. नाईट शिफ्टवाल्यांसाठी वेगळी सभा लावा.

मागणीपत्र देताना दोन प्रती न्या, एकीवर कंपनीचा शिक्का आणि तारीख घ्या. शिक्का द्यायला टाळाटाळ केली तर त्याच दिवशी पोचपावतीच्या स्पीड पोस्टाने पाठवा आणि एक प्रत कामगार आयुक्त कार्यालयात द्या. थकबाकी त्याच तारखेपासून मागायची आहे.